उस्तादांशी जोड

फाल्गुन शुद्ध ६, शके १७८६. अमरावती

नाही म्हणालो. तीनदा म्हणालो. उस्ताद ऐकेनात!

कुर्बान उस्तादांनी मला आठव्या वर्षापासून आखाड्यात वाढवलं. वऱ्हाडच्या पहिल्या मल्लाचं चांदीचं कडं नऊ वर्षं त्यांच्याकडं होतं. मग ऐन कुस्तीत खांदा निखळला, कडं परमुलखात गेलं. दोन वर्षांमागं मी ते जिंकून आणलं. आता सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना पुन्हा उतरायचंय — माझ्याशी!

"काहून, उस्ताद?"

"तवा खांदा हरला. मी हरलो का नाही, थे मले पाहू दे."

शुद्ध ८

कापसानं गाव माजलंय. केशवराव अडत्यांनी रंगपंचमीला दंगल ठरवली. अकोल्याहूनही गाड्या भरून माणसं येणार म्हणे.

शुद्ध ११

उस्तादांचा सराव पाहिला. पन्नास जोरांत धाप! मी तोंड फिरवलं.

शुद्ध १४

हलीमाबी भेटल्या — उस्तादांच्या घरच्या. माझी आई गेल्यावर यांच्याच हातची भाकर खाल्ली. म्हणाल्या, "चंद्रभान, लोकाईदेखत त्याईले पडू नको देऊ, बाबा."

त्यांच्या पायाला हात लावला.

वद्य ५

झाली कुस्ती.

सलामीला उस्ताद हळूच म्हणाले, "खरी कुस्ती खेळजो, लेका."

खांदा थकलाय, पण डोकं! दोनदा मला गुडघ्यावर आणलं. मग दमले. मी त्यांच्या पाठीवर गेलो, पकड बसली. उलटवायचे, बस. तेवढ्यात त्यांचा श्वास ऐकू आला — फाटका. माझी बोटं सुटली. सुटली की सोडली? सोडली. निदान इथं तरी खरं लिहितो.

दुसऱ्या क्षणी मी चीत. वर नुसतं आभाळ. ढोल, आरडाओरडा, गुलाल! केशवरावांनी उस्तादांच्या मनगटात कडं चढवलं. ते हसले नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही. वाटलं, आनंदानं भान हरपलं असेल.

वद्य ७

आखाड्यात आले नाहीत. थकले असतील.

वद्य ९

आजही नाही. घरी गेलो — दार उघडलं नाही.

वद्य १०

उस्ताद बिऱ्हाड घेऊन निघाले! बडनेऱ्याच्या वाटेवर गाडी गाठली. त्यांनी मान वळवली नाही. हलीमाबी खाली उतरल्या. माझा हात धरून रडल्या.

"पाच दिवस झाले, धड जेवले नाईत. एकच बोलून राहिले — मले लढूच नाही देल्लं त्यानं."