सहा दात, सहा शत्रू

ती. ब्ली पुतू यांस,

धाकट्या भावाचा, नेंगाचा, सादर प्रणाम. मी बरा आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, पाळली. तिकडे लोंबोकात आपल्या आईचे, मेमेचे, गुडघे आणि वहिनींचा राग पूर्ववत असतीलच.

इथे बालीत माझं वर्तमान हिरड्यांपासून सुरू होतं. वर्गात श्लोक सांगताना पहिला बाक हल्ली रिकामा असतो. (मुलं आदरानं मागे सरकतात, अशी माझी समजूत होती.) परवा सुमर्ती म्हणाली, "अहो, घरात उंदीर मेलाय वाटतं," आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. बत्तीस वर्षांच्या संसारात प्रथमच.

दंतवैद्य माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. हिरडीत सळई घालून म्हणाली, "गुरुजी, वरचे पुढचे सहाही दात हलतायत." दोषी एक जंतू. त्याला हवा सोसत नाही, म्हणून दात आणि हिरडी यांच्या फटीत, काळोखात वास्तव्य. (इतकी एकांत गुहा ऋषींनाही लाभली नसेल.) स्वतः तो फारसं करत नाही; आपल्याच शरीराचे रक्षक असे चिथावतो, की ते आपल्याच जबड्याचं हाड पोखरतात. विचारलं, "आला कुठून?" म्हणाली, "लाळेतून. बहुधा घरातूनच, लहानपणी." मला मेमे आठवली. तापात मी काही गिळेना, तेव्हा भात स्वतः चावून भरवणारी.

आता पेच. वयात येताना व्हायचा, पण बापा गेले त्या वर्षी राहिलेला माझा दात कानसण्याचा विधी या पौर्णिमेला आहे, आणि कानस लागायची ती नेमकी याच सहांना. कामक्रोधादी सहा शत्रू तिथेच बसतात ना! कानस फिरली तर दात हातात येतील, असं दंतवैद्य म्हणते. पुजारी म्हणतात, "नुसती टेकवू, चालतं." पण मेमेला दिसत नाही. तिनं निरोप धाडलाय, "कानसेचा आवाज कानांनी ऐकीन, की माझं आईपण फिटलं. मग मी जायला मोकळी."

तुझा,
नेंगा

ता. क. : म्हणून विनंती. तुझे दात दगडासारखे. विधीला माझ्याशेजारी उताणा पड. कानस मला टेकेल, चालेल तुझ्यावर. तुझे शत्रू मागेच कानसलेत खरे, पण वहिनींच्या मते पुष्कळ उरलेत.

ता. क. २ : विधीत धरतात तसा दातांत उसाचा तुकडा धरून पडायचा आज सराव केला. ऊस बाहेर आला, सोबत सुळाही. "कुठला शत्रू गेला?" सुमर्तीनं विचारलं. कळलं नाही. पाचच उरलेत, मेमेला घेऊन लवकर या.

ता. क. ३ : हे पत्र तू नेहमीप्रमाणे तिला वाचून दाखवशील. पेच आणि ता. क. तर गाळच, पण भाताचंही वाचू नकोस. भातापाशी आलास की पुन्हा पहिली ओळ वाच.