कापाची कड

४ मे २००९, सोमवार

काय घडलं, तेवढंच.
१. जून १९७८. बंदूकधारी चौघांनी फर्गल मॅकॅनल्टीला, वय एकोणीस, स्वयंपाकघरातून ओढून नेलं. आई डेलिया दारात आडवी आली. बंदुकीच्या दस्त्याने तिचे दोन दात पडले.
२. 'पोलिसांचा खबऱ्या' म्हणून दोन्ही गुडघ्यांत गोळ्या. मग डोक्यात एक.
३. प्रेत दलदलीत पुरलं. तिथली माती, पीट, गाव जळणासाठी विटांसारखी कापतं; प्रत्येक घराचा काप वेगळा.
४. यंदा बेपत्तांची प्रेतं शोधणाऱ्या आयोगाकडे निनावी चिठ्ठी आली: पीटच्या कापाच्या कडेपासून चाळीस पावलं, डोंगराच्या बाजूला.
५. आयोगासाठी मी मोजलं, रडार फिरवलं, खणलं. काहीच नाही.

६ मे

माझ्या गाडीची चारही चाकं भोसकलेली. सीटवर पाकीट, पाकिटात एक गोळी. नऊ मिलिमीटर.

९ मे, शनिवार

डेलियाने चर्चच्या हॉलमध्ये फक्त बायकांना बोलावलं. "पुरुषांना विचारण्यात एकतीस वर्षं गेली!" बारा जणी आल्या. चहा, हॅमची सँडविचेस.

मग नुआला टोनर आली. चौघांपैकी एकाची विधवा. फर्गलच्या बहिणीने, ब्रीजने, उठून सरळ तिच्या तोंडावर कप हाणला. ओठ फाटला.

"बस कर ग," डेलिया म्हणाली. "आधी बोलू दे तिला. मारायचं ते नंतर मार."

नुआलाने रक्त पुसलं. "नवऱ्याचे त्या रात्रीचे कपडे मी धुतले. तीन पाणी लागली. विचारलं नाही."

"माफी मागू नकोस," डेलिया म्हणाली. "मी देणार नाही. मला हाडं हवीत."

मी नकाशा पसरला. बायका चक्क हसल्या.

"अगं पोरी, कड एका जागी राहते होय? दर उन्हाळ्यात पीट कापलं की मागे सरकते!"

"हिला कसं ठाऊक असणार?" ब्रीज म्हणाली. "गावात होती तेव्हाही हिच्या घरी कायम कोळसा. साहेबलोक!"

नुआला हसली नाही. "एका ठिकाणी मात्र कड सरकली नाही. पुरुष कापायचे, विटा वाळत उभ्या आम्ही करायचो, म्हणून आठवतं. एका घराने त्या उन्हाळ्यानंतर स्वतःच्या कापाला फावडं लावलं नाही. माणसाच्या अंगावरून कोण कापणार? विकतचा कोळसा जाळायला लागले."

"कुठलं घर?" डेलियाने विचारलं.

ब्रीजचं हसू तसंच राहिलं, तोंडावर. कुणी माझ्याकडे बघेना.

११ मे

सोडून दिलेले काप सतरा. कुठला कुणाचा, याची नोंद कुठेच नाही. यंत्रं शुक्रवारी बावीस तारखेला परत जाणार.

१२ मे

लीड्सला आज टाकलेल्या पत्राची नक्कल:

आई, दलदलीचा नकाशा सोबत आहे. आपला काप कुठला, तिथे फुली कर. बाबा गेले, खटला कुणावरच होणार नाही. त्यांनी काय केलं ते मी विचारत नाही. तुला काय माहीत होतं, तेही आत्ता नाही. डेलिया मॅकॅनल्टी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. गुरुवार, एकवीस मेपर्यंत उत्तर दे.