पावलांचा कागद

प्रिय बाळ्या,

बूट मिळाले. खोक्यावर तुझं अक्षर दिसलं आणि मी हातातली इस्त्री तशीच टेकवली. गिऱ्हाइकाचा सदरा थोडक्यात वाचला! काय मऊ कातडं रे, आत शिवण कुठे बोटाला लागत नाही. तुझे बाबा तर एकेक बूट हातात घेऊन घरभर मिरवत होते. फोनवर तू विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, अगदी मापात बसले. बसले खरे. कुणाला, ते सांगायला जरा धीर गोळा करतेय.

माझे लाँड्रीतले कॅनव्हासचे बूट आठवतात? अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, शेजारचं बोट त्यावर चढून बसलेलं, म्हणून मी कात्रीने बुटाला खिडकीच पाडली होती. गिऱ्हाईक आलं की पाय टेबलाखाली. घरात मोजे काढायचे नाहीत. तुझ्या बक्षीस समारंभाला मात्र अरुंद काळे बूट घालून आले, मागच्या रांगेत हळूच काढले, आणि मग ते पायात जाईनात. तू स्टेजवरून मला शोधत होतास आणि मी खुर्चीखाली बुटांशी झटापट करत होते. घरी येताना तू म्हणालास, मोठा झालो की तुझे बूट मी करीन. मी हसले. तू खरंच तेच शिकायला गेलास.

मग तू मापासाठी पावलांचा कागद मागितलास, पाय ठेवून पेन्सिलीने कड आखलेला. मी पाय कागदावर ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. तुझे मास्तर, वर्गातली पोरं, सगळे तो कागद टेबलावर पसरून बघणार, हा याच्या आईचा पाय म्हणणार. नाही झालं धाडस. शेजारच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, जरा इथे उभ्या राहा. कशी नेटकी, सरळ बोटं त्यांची! तुझे बूट त्यांनाच बसले. त्या बिचाऱ्या हरखून गेल्या, पण मला ते त्यांच्या पायात बघवेनात.

आणि काल तुझा फोन. दुखऱ्या पायांचे बूट हा तुझा परीक्षेचा विषय, पण कागद बघून मास्तर म्हणाले, हे पाय तर चारचौघांसारखे आहेत, दुसरा विषय घे. वर तू मलाच म्हणतोस, आई, तुझे पाय एवढे चांगले, लहानपणी मला भलतंच काहीतरी वाटलं असेल. फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना. बाळ्या, तू बरोबर पाहिलं होतंस.

सोबत नवा कागद आहे. हे माझे पाय. मला वाकून नीट आखता येईना, म्हणून पेन्सिल वहिनींनी फिरवली. हाडापाशी त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनी पेन्सिल हाडाला वळसा घालून नेली. दुखतं तिथे मी फुल्या केल्या आहेत. विषय बदलू नकोस. मास्तरांना दाखव, पोरांनाही दाखव, आणि सांग, हे माझ्या आईचे पाय आहेत.

तुझीच,
आई