गळती नळाची नव्हती

तीर्थरूप बाबांना,

जावयाचा वाकून नमस्कार. हातात कात्री असेल तर समोरचे कापड आधी कापून संपवावे आणि मगच हे पत्र वाचावे. मध्ये थांबले की काप वाकडा जातो, हे तुम्हीच मला सांगितले होते. तुमची मान आता कशी आहे? नवा चष्मा नाकावर बसला की अजून घसरतो? आईंचे गुडघे, त्यांची झोप, मागच्या खोलीतला तो अडकणारा दरवाजा, सगळे ठीक असावे अशी आशा आहे. घरात सध्या आणखी जे कोणी असतील त्यांचीही प्रकृती मी विचारली आहे असे समजावे. (मोघम लिहिले आहे, पण विचारले मुद्दाम आहे.)

मी बरा आहे. म्हणजे सर्दी आहे, पण तिचे कारण पुढे येईल. पत्र आधी कच्चे लिहून मग पक्के केले आहे. माझी शाळा आठवीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण दुकानांच्या पाट्या रंगवायच्या तर अक्षर चुकून चालत नाही; चुकले की ते दहा वर्षे भिंतीवरून लोकांकडे बघत राहते. तेव्हा शुद्धलेखनाची हमी मी देतो. बाकी कशाची देण्याच्या स्थितीत मी नाही.

गाडीबद्दल लिहायचे आहे. पाट्यांच्या कामासाठी मला गावोगाव फिरावे लागते, म्हणून भाड्याच्या खोलीऐवजी आम्ही जुनी घरगाडी घेतली, तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोलला होतात, की चाकांवरच्या घरात माणसे स्थिर लागतात. मी मान हलवली होती. ऐकले नव्हते. गाडी तशी चांगली आहे. पलंगाखाली पाण्याची टाकी, तिला लागून छोटा पंप, तिथून भिंतीतल्या प्लायवूडमागून नळापर्यंत पाइप. नळ सोडला की पंप घुरघुरतो, नळ बंद केला की गप्प बसतो. इतके साधे आहे. पण आम्ही राहायला लागलो त्या दुसऱ्याच आठवड्यात पंप कोणी नळ न सोडताही घुरघुरायला लागला. दर दहा मिनिटांनी, थोडासा, पोट दुखत असल्यासारखा. मग पलंगाच्या पायथ्याशी जमीन मऊ झाली, मग गादीला वास यायला लागला, मग भिंतीचे प्लायवूड भिजलेल्या वहीसारखे फुगले.

मी ठरवून टाकले की नळ नीट बंद होत नाही. नळ कोण वापरते? भांडी तुमची लेक घासते, म्हणजे नळ तिचा. मी दिवसाकाठी दोन-तीनदा तिला सहज विचारायचो, नळ घट्ट बंद केलास ना? (मला वाटायचे दोन-तीनदा. तिने एकदा मोजले, तर अकरा भरले. त्यातले चार मी अंघोळीच्या दाराबाहेरून विचारले होते.) ती आधी हो म्हणायची, मग नुसती मान हलवायची, मग काहीच करायची नाही. एका सकाळी मी पुन्हा विचारले, तेव्हा ती बॅग भरत होती हे माझ्या लक्षातच आले नाही, कारण माझे लक्ष नळाकडे होते. ती म्हणाली, “नळ केला बंद. आता दारही करते.” आणि तिने केलेही. हळूच केले बाबा, आपटले नाही. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो. त्या दिवशी मी हट्टाने संध्याकाळपर्यंत नळाला हात लावला नाही. पाणी प्यायला शेजारच्या गॅरेजमध्ये मेस्त्रींकडे गेलो. (गाडी त्यांच्याच आवारात उभी असते.) नळाला कोणी शिवले नाही आणि पंप दर दहा मिनिटांनी घुरघुरतच राहिला. म्हणजे तिची काही चूक नव्हती, हे मला ती गेली त्याच संध्याकाळी समजले. आज एकोणीस दिवस झाले. मधले अठरा दिवस मी ही गोष्ट कोणत्या शब्दांत लिहावी याचा विचार करत होतो, आणि पाटीवर बसतील एवढे थोडे शब्द काही सापडले नाहीत.

गळती शोधायला प्लंबर आणला. त्याने दारातूनच आत डोकावून सांगितले की ही गाडी आहे, गाडीचे काम मेस्त्री करतात. मेस्त्री म्हणाले, “नळ-पाइप म्हणजे घराचं काम. माझा हात इंजिनाचा.” दोघे एकमेकांचा पत्ता मला देत राहिले. शेवटी दोघे एकदा समोरासमोर आले, तर निघाले शाळेतले मित्र. चहा प्यायला गेले, मी पलंगावर बसून राहिलो. मग मीच हात घातला. जमिनीवर पावडर टाकली, म्हणजे थेंब पडला की खूण उमटेल. प्रत्येक सांध्याखाली कागदाची पट्टी ठेवून तिच्यावर आकडा घातला. एकूण बावीस सांधे, बावीस पट्ट्या, सगळ्या कोरड्या. पाणी सांध्यातून येतच नव्हते. ते प्लायवूडच्या मागे, लाकडी पट्टीवरून लपून चालत येत होते आणि दुसऱ्याच टोकाला उतरत होते. म्हणून मी पायथ्याकडून एकेक फळी उतरवत वर निघालो. पाण्याचा माग काढायचा तर पाणी सुरू हवे, म्हणून पंप चालूच ठेवला. (यात चूक काय होती ते आता मला माहीत आहे.)

चौथी फळी उतरवायला आधी तिच्यावरची पाटी काढावी लागणार होती. ही पाटी मी गाडीत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी रंगवली होती. निळी जमीन, पांढरी अक्षरे, खाली छाया दिलेली: ‘पाणी जपून वापरा’. पातळी बघून चार स्क्रूंनी बसवली होती. डावीकडच्या खालच्या स्क्रूवर गंज यायचा, म्हणून दर आठवड्याला पाटी पुसताना मी तो स्क्रू अर्धा फेरा आणखी आवळायचो. तुम्ही समजून गेला असाल. मी नव्हतो समजलो. तो स्क्रू काढला आणि पाण्याची धार थेट माझ्या नाकात आली.

पाइपच्या बरोबर मध्यातून स्क्रू गेला होता. इतका बरोबर, की ठरवून मारला असता तर जमला नसता. मी भोकावर अंगठा दाबला. पंपाचे बटण दाराजवळ आहे. अंगठा भोकावर ठेवून हात लांब केला तर बटणाला दोन वीत कमी पडत होते. पाय लावून पाहिला, चप्पल फेकून पाहिली. (चप्पल लागली, पण शेजारच्या बटणाला; दिवा लागला.) मेस्त्रींना हाका मारल्या, तर त्यांना वाटले मी गातो आहे. तसा वीस मिनिटे उभा होतो, बाबा. करण्यासारखे काहीच नसले की माणसाला दिसायला लागते. भांड्यांच्या फळीवर तिने माझा कप कान उजवीकडे करून ठेवला होता, कारण मी डावखुरा नाही आणि ती आहे. तिच्या कपाचा कान डावीकडे. त्या दोन कपांकडे बघत मला कळले की या गाडीत एका अंगठ्याला आणखी एक माणूस लागते, आणि ते माणूस मी अकरा-अकरा प्रश्न विचारून घालवले.

शेवटी मेस्त्री त्यांची पक्कड मागायला आले. त्यांनी भिंत बघितली, मला बघितले, मग जमिनीवरच्या पाण्यात तरंगणारी पाटी मोठ्याने वाचली आणि हसता हसता खालीच बसले. बसल्यावर त्यांची विजारही भिजली, तेव्हा कुठे बटण बंद केले.

पाइपचा तेवढा तुकडा कापून नवा जोड घातला आहे. जमीन नवी, प्लायवूड नवे, गादी उन्हात पाच दिवस. तुम्ही लग्नात दिलेल्या शिवणयंत्राची लाकडी पेटी खालून फुगली होती, हे मी लपवणार नाही. ती सुकवून तासली, यंत्राला तेल दिले, आणि टाका बघावा म्हणून माझा रुमाल शिवून पाहिला. टाका एकदम सरळ आला. फक्त रुमालाबरोबर सदऱ्याची बाहीही शिवली गेली. उसवायला मला येत नाही, म्हणून रुमाल तसाच मनगटाला लोंबतो आणि सर्दीत उपयोगी पडतो. आता गाडीत कुठेच पाणी नाही. इतके शांत असते की कधी कधी मी उगाच नळ सोडतो, पंपाचा आवाज यावा म्हणून. जपून वापरा लिहिणारा मी.

तिला येण्याचा आग्रह करावा असे माझे म्हणणे नाही. गाडी कोरडी झाली एवढे कळावे, इतकेच. आईंना नमस्कार.

तुमचा जावई

ता. क. स्क्रू माझा होता हे तिला कृपया सांगू नये. पाइप जुना होता असे सांगावे.

ता. क. दुसरा. नको, स्क्रूच सांगावा. पाइप नवा होता.

ता. क. तिसरा. तुमच्या गळ्यात टेप असतोच, म्हणून एक विनंती. तुमच्या गल्लीची रुंदी दुकानाच्या पायरीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजून कळवावी. गाडी सात फूट दोन इंच रुंद आहे, आरसे धरून आठ.

ता. क. चौथा. मोजायची गरज नाही. तुम्ही सकाळी मापे घ्यायला बाहेर गेला होतात तेव्हा मीच मोजून आलो. आरसे मिटले तर बसते, दोन्ही बाजूंना चार-चार बोटे उरतात. मी तुमच्या गल्लीबाहेरच्या वखारीमागे गाडी लावून हे पत्र आतल्या घडीच्या टेबलावर लिहितो आहे आणि तुमच्या इस्त्रीवाल्याच्या हाती पाठवतो आहे. (त्याने दोनदा विचारले काय झाले म्हणून. मी हवेबद्दल बोललो.)

ता. क. शेवटचा. गल्लीत गाडी उलटीच घालावी लागेल, आणि मला मागचे काही दिसत नाही. मागे उभे राहून “येऊ दे, येऊ दे” म्हणणारे कोणीतरी हवे. तुम्ही स्वतः येऊ नये. कामात असलात की तुमच्या तोंडात टाचण्या असतात, अशा वेळी ओरडणे बरे नव्हे. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे. मी इंजिन सुरू करून बसलो आहे.