दुसरी प्रत

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवं गाव आणि खिडकीजवळची खुर्ची! खोलीही झकास मिळाली. पलंग, टेबल, बाहेरून वर चढणारा लोखंडी जिना. घरमालकीण एकदा बोलायला लागली की थांबत नाही, तेही चालेल. पोचल्याचा फोन केला, तर आईने नेहमीप्रमाणे ताईलाही ओढून आणलं. आम्ही जुळ्या. ताई काही मिनिटांनी मोठी आणि त्या मिनिटांचा तोरा अजून मिरवते. दिसायला तंतोतंत सारख्या, फक्त माझ्या हनुवटीवर सायकलवरून पडल्याचा व्रण आहे. आईला मात्र व्रण लागत नाही, ती आवाजावरूनच ओळखते.

मंगळवार, ४

काम समजलं. संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे बाकी सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तिथे, एक शोधक बसवलेला आहे. प्रोग्राम मेमरीचे तुकडे मागून घेतात आणि परत करायला विसरतात, माणसांसारखेच. शोधक अधूनमधून फेरी मारतो. ज्या तुकड्याचा पत्ता कोणाकडेच उरला नाही, तो संशयित. पुढच्या फेरीतही कोणी वाली निघाला नाही, तर बेवारस. मग त्याची विल्हेवाट.

या शोधकात एकच कोड दोनदा लिहिलाय! दुसऱ्यावर शेरा आहे : 'दिसायला सारखे, पण एक नव्हेत. हात लावू नये.' कोणी लिहिला ते कोणालाच आठवत नाही. साहेब (पाठीमागे सगळे त्यांना आजोबा म्हणतात) म्हणाले, चालतंय ना, मग विषाची परीक्षा कशाला? पण एकच गोष्ट दोनदा दिसली की माझे हात शिवशिवतात.

गुरुवार, ६

केलं! यात अवघड काही नसतं. दुसऱ्यात जे थोडं वेगळं असेल ते पहिल्यात आणायचं, दुसऱ्याला हाक मारणारे सगळे पहिल्याकडे वळवायचे, मग दुसरा पुसून टाकायचा. पहिला ठेवला, कारण तो आधीचा, थोरला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. आजोबांनी पाठ थोपटली आणि सगळ्यांना चहा पाजला.

शुक्रवार, ७

ताईचा फोन. म्हणे, लहानपणी सायकलवरून पडले होते ना, तो हनुवटीवरचा व्रण आज ठणकतोय. मी म्हटलं, बाई गं, पडले मी, व्रण माझा. ती म्हणाली, चेष्टा पुरे.

आरशात पाहिलं. माझी हनुवटी गुळगुळीत आहे. बोटं फिरवून फिरवून लाल केली, पण व्रण नाही. मला भीती वाटते आहे.

रविवार, ९

मावशीला फोन केला. ती म्हणाली, आत्ताच तर बोललो आपण, विसरलीस? मैत्रिणीला केला, तिथेही तेच. सगळ्यांशी ताई बोलली होती. माझ्या आठवणी, माझे विनोदसुद्धा सांगत होती. आम्ही दोघी आहोत म्हटलं, तर मैत्रीण हसली.

हाक मारणारे सगळे पहिल्याकडे वळवायचे. हे गुरुवारी मीच लिहिलंय.

सोमवार, १०

ऑफिसचं दार पासने उघडलं नाही. रखवालदार म्हणाला, पाहुण्यांनी बाहेर थांबायचं. आजोबा आले आणि अदबीने विचारलं, कोणाला भेटायचंय? पुसलेला कोड परत घालू द्या, मी ओरडले, एवढंच करू द्या! त्यांनी रखवालदाराकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी.

काचेतून खिडकी दिसत होती. तिथे खुर्ची नव्हती. आजोबांच्या हातातल्या लॅपटॉपवर शोधकाची एकच ओळ होती — संशयित, एक.

मंगळवार, सकाळ

एक जण पुरे. एकाने जरी पत्ता धरून ठेवला, तरी तुकडा बेवारस ठरत नाही. आईला फोन केला. फक्त एकदा म्हण, की तुला दोन मुली आहेत —

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, आवाज अगदी माझ्या पोरीसारखा आहे गं. पण मला एकच मुलगी, ती ही शेजारी बसलीय. रडू नकोस. तुझी आई वाट बघत असेल, तिला लाव फोन.

किती मायेने बोलली.

मंगळवार, दुपार

खोलीला नवं कुलूप. जिन्यावर बसून लिहिते आहे. घरमालकीण वर गेली — मला ओलांडून — तोंडातून एक शब्द नाही —

हाताला पेन नीट लागत नाही —

फेरी येते आहे. ऐकू येत नाही, पण —

आईचा दोष नाही. कोणीही चालेल — हे वाचणारं कोणीही — नुसतं लक्षात ठेवा, तेवढ्याने मी — दोघींतली धाकटी, सायकलवरून पडलेली. ताई नव्हे. माझं नाव —