हात तुमचाच समजा

सोमवार, ५ जानेवारी
आले एकदाची! खोली ऐसपैस, खिडकीत छान ऊन. वहिनींनी दारातच सांगितलं, घर आपलंच समजा. पेशंट म्हणजे त्यांचे सासरे, निवृत्त चित्रकला-मास्तर. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आधीच्या दोन फिजिओ टिकल्या नाहीत म्हणे. मी टिकणार! रविवारी मात्र लेकीकडे जायचंच. आजीकडे तोंड फुगवून बसलीय. बाहुलीला पेशंट करून माझंच वाक्य ऐकवते: हा हात तुमचाच समजा.

मंगळवार
मास्तर भलते हट्टी. अंगाला हात लावू देईनात. शेवटी माझा उजवा हात त्यांच्या हाताखाली धरला आणि हुकमी वाक्य टाकलं: हा हात तुमचाच समजा, मी हलवते, तुम्ही फक्त मनात हलवा. मास्तर अर्ध्या तोंडानं हसले. आणि करंगळी हलली की! वहिनी रडल्याच. मीही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

गुरुवार
आज मास्तरांनी चमचा धरला. सवयीनं पायाला, जिभेलाही तेच वाक्य म्हणून टाकलं. माझी करंगळी बधिर वाटतेय. दुसऱ्यांचे हात चोळता चोळता आपला कोण चोळणार!

शुक्रवार
बटण लावता येईना. स्वतःला तपासलं. मान ठीक, खांदा ठीक, मग हे काय? मास्तर दिवसभर चित्र काढताहेत. उजव्या हातानं. भीती वाटतेय मला.

शनिवार
डाव्या हातानं लिहितेय. उजवा नुसता लोंबतोय. पाय ओढत दारापर्यंत गेले, पडले. वहिनींना म्हटलं, माझा हात परत द्यायला सांगा. तर म्हणाल्या, दिलेलं कुणी परत मागतं का? आधीच्या दोघींनी असं काही म्हटलंच नव्हतं, तुम्हीच मनाच्या मोठ्या. मला मास्तरांच्या पलंगावर निजवलं. जीभ जड—

रविवार
मास्तर अंगणात फिरताहेत. वाचा गेली माझी. वहिनींनी फोन करून लेकीला बोलावलं. आजी बाहेर त्यांच्याशी बोलत बसलीय, पोर एकटीच आत आलीय, रडतेय— ओरडता येत नाही— वहीत लिहून दाखवतेय, हात लावू नकोस बाळा, काही म्हणू नकोस— तिला अजून वाचता कुठे येतं—

माझा उजवा हात आपल्या हातावर घेतलाय तिनं. बाहुलीचा घेते तसाच. म्हणतेय, आई, रडू नको, हा हात तुझाच समज—

नको— देवा, माझी करंगळी हलली