रंगीत तिसा, पिवळी तिसा

मिश्कोल्त्स, फेब्रुवारी १९८९

प्रिय गेल्लेर्त,

तुझं पत्र मिळालं. पानभर तिमेआ! तिमेआने व्हिएन्नाहून कॉम्प्युटरचं रंगीत ईजीए कार्ड आणलं, तिमेआने आपल्या दोघांच्या, नद्यांची पातळी दाखवणाऱ्या प्रोग्रामला सोळा रंग दिले. अरे, अख्खा देश तिथून डीप फ्रीझर आणतो, हिने कार्ड आणलं, मोठी शूरच म्हणायची! फ्रीझरच्या पोटात लपवून आणलं म्हणे. कस्टमवाल्याने झाकण उघडलं असतं तर बरं झालं असतं. हो, जळतेय मी. लिहूनच टाकलं.

आपल्याकडे रंग नव्हते, आठवतंय? सगळीकडे एकरंगी हर्क्युलस कार्ड आणि पिवळ्या अक्षरांचे पडदे. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात खारी पोगाचा बिस्किटं खात खात आपण नद्यांना रेषा वाटून दिल्या. तिसाला अखंड रेष, बोद्रोगला तुटक, शायोला ठिपके. शायोचे ठिपके तू दोनदा बदललेस, मला आवडेनात म्हणून. तुझी ती तिमेआ म्हणते, रंग असताना ठिपके कशाला? ठिपके, तुटक रेषा, सगळं काढूनच टाकलं बाईने.

परवा तिची फ्लॉपी घेऊन तोकायच्या पूर कार्यालयात गेले. प्रोग्राम चालला, पण पडदा पिवळाच, त्यामुळे सगळ्या रेषा एकसारख्या. तिथले साहेब, देझो काका, चष्मा पुसून पुसून बघत होते. म्हणाले, "पोरी, यातली तिसा कुठली नि बोद्रोग कुठली? बर्फ वितळायला लागलंय, मी गावं कुठली रिकामी करू? का नाणं उडवू?" सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. मग घरी येऊन रडले, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

तू विचारलंयस, एका फ्लॉपीत प्रोग्रामची एकच आवृत्ती मावते, तर ईजीए की हर्क्युलस? हर्क्युलस. नदीकाठच्या एकाही कार्यालयात रंगीत पडदा नाही. तू म्हणशील, एमेशे जळून बोलतेय. जळतेय, पण देझो काका जळत नाहीत, त्यांना विचार.

ठिपके नि तुटक रेषा परत घातल्यात, फ्लॉपी तयार आहे. रविवारी तिमेआ न्यायला येईल, असं शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. येऊ दे. कॉफी देईन, फ्लॉपीही देईन, गावं बुडायला नकोत. पण हर्क्युलस एवढंच कळवायचं असतं तर तार केली असती. गेल्लेर्त, तिला पाठवू नकोस. तू ये.

अजून तरी तुझीच,
एमेशे